'विल' कुठे, 'वुड' कुठे?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी एका कार्यालयात पत्रव्यवहाराचं काम पाहते. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी वाचता-लिहिता येतं, पण एका शब्दापाशी दरवेळी अडते, तो म्हणजे 'वुड'. मध्यंतरी एका सूचनेत मी लिहिलं, 'द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे'. साहेबांनी 'वुड' खोडून 'विल' केलं. पुढच्या पत्रात मी आठवणीने 'आय विल लाइक टु रिक्वेस्ट यू' लिहिलं, तर 'विल' खोडून 'वुड' केलं! कारण विचारलं तर म्हणाले, "कानाला बरोबर वाटेल ते लिहायचं." माझ्या कानाला दोन्ही बरोबर वाटतात, त्याला काय करू? घरीही तेच. मुलीने आजोबांवरच्या निबंधात 'ही वुड लिव्ह इन अ बिग हाउस' लिहिलं, ते बाईंनी चूक दिलं. त्याखालचंच 'ही वुड वॉक टु स्कूल' मात्र बरोबर. आणि परवा फोनवर एका बाईंनी विचारलं, 'वुड यू माइंड होल्डिंग द लाइन?' मी 'यस, यस' म्हटलं, तर त्या एकदम गप्पच झाल्या. 'विल'पेक्षा 'वुड' नम्र, एवढंच मी शाळेत शिकले होते. मग माझं चुकतंय कुठे?

उत्तर

ताई, नमस्कार.

साहेबांनी दोन्ही वेळा योग्य तेच केलं आहे आणि मुलीच्या बाईंनी दिलेल्या खुणाही बरोबर आहेत. पटला नाही तो साहेबांचा सल्ला. ज्यांच्या कानावर लहानपणापासून इंग्रजी पडत आलं त्यांना कानावर भरवसा ठेवता येतो. ज्यांनी ही भाषा पुस्तकातून शिकली त्यांना आधी कारण कळावं लागतं, कान मागाहून तयार होतो. तेव्हा कारणापासूनच सुरुवात करू.

"वुड नम्र असतं" हे खोटं नाही, पण ते गोष्टीचं शेवटचं टोक आहे आणि तुम्हाला तेवढंच हाती दिलं गेलं. सुरुवात अशी आहे की 'वुड' हे 'विल'चं भूतकाळाचं रूप आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता 'इच्छा असणे, मनात असणे'. भविष्यकाळाचं काम त्याच्याकडे नंतर आलं. त्या क्रियापदाचा भूतकाळ 'वोल्डे', आणि तोच झिजत झिजत आजचा 'वुड' झाला. स्पेलिंगमधला 'एल' आज कोणी उच्चारत नाही, पण एके काळी तो खरोखर उच्चारला जायचा. (शेजारच्या 'कुड'मधला 'एल' मात्र मूळचा नाही. 'वुड' आणि 'शुड' यांच्या देखादेखी तो तिथे मागाहून घुसला.)

इंग्रजी भूतकाळाचं एक वैशिष्ट्य आहे. तो फक्त "झालं, होऊन गेलं" एवढंच सांगत नाही, तो अंतर दाखवतो. 'विल' जिथे उभं असतं तिथून 'वुड' एक पाऊल मागे उभं राहतं. ते पाऊल कधी काळात मागे असतं, म्हणजे आजपासून कालकडे. कधी ते खरेपणापासून दूर असतं, म्हणजे घडणाऱ्या गोष्टीपासून नुसत्या कल्पनेतल्या गोष्टीकडे. आणि कधी समोरच्या माणसावर आपण चालून जाऊ नये म्हणून अदबीने घेतलेलं असतं. तुमचे चारही प्रश्न या तीन जागांमध्ये बसतात.

आता ती सूचना बघा. सोमवारची बैठक ठरलेली होती. दिवस, वेळ, सगळं पक्कं. ठरलेली गोष्ट सांगताना मागे सरायचं काहीच कारण नाही. तिथे 'वुड' घातलं की वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, "बैठक झाली असती, पण…? कशावर अडलंय?" 'द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे' हे वाक्य त्याला अर्धवट वाटतं. पुढे एखादं 'इफ' येईल म्हणून तो वाट बघतो: सोमवारी झाली असती, अध्यक्ष गावात असते तर. किंवा त्याला वाटतं, ही कुणीतरी पूर्वी सांगितलेली गोष्ट आहे, आता तसं राहिलेलं नाही. म्हणजे नम्रपणासाठी घातलेल्या शब्दाने बातमीच डळमळीत झाली. 'द पेमेंट वुड बी मेड नेक्स्ट वीक' असं लिहून पाठवाल तर पैसे मिळायचे असलेला माणूस रात्रभर विचार करत बसेल.

ही चूक तुमच्या एकटीची नाही. भारतीयांच्या इंग्रजीत ती इतकी पसरलेली आहे की सूचनाफलकांवर, परिपत्रकांत, आमंत्रणांत सर्रास दिसते. माझ्या मते तिचा उगम इतिवृत्तांत असावा. बैठकीच्या इतिवृत्तात 'द चेअरमन सेड दॅट द रिपोर्ट वुड बी रेडी बाय फ्रायडे' असं लिहितात आणि तिथे ते अगदी बरोबर असतं, कारण अध्यक्ष त्या दिवशी काय म्हणाले ते आपण मागाहून सांगत असतो. हीच भाषा रोज डोळ्यांखालून जात असली की 'वुड बी' म्हणजे कार्यालयीन, भारदस्त इंग्रजी असं वाटू लागतं आणि ते उचलून ताज्या सूचनेत बसवलं जातं. म्हणून सूचना लिहिताना मनाला विचारा: हे ठरलंय का? ठरलं असेल तर 'विल'. त्यात उद्धटपणा नाही. ठरलेली गोष्ट स्वच्छ सांगणं हाही वाचणाऱ्याचा मानच आहे.

दुसऱ्या पत्रात उलट झालं. 'आय विल लाइक' याचा अर्थ "मला पुढे कधीतरी आवडू लागेल" असा होतो. एखाद्याला पुस्तक देताना 'यू विल लाइक इट', तुला आवडेल बघ, असं म्हणतात. तिथे 'विल' शोभतं. तुम्हाला मात्र इच्छा व्यक्त करायची होती, तीही समोरच्यावर न लादता. "तुमची परवानगी असेल तर मला विनंती करायला आवडेल" यातलं "परवानगी असेल तर" न लिहिताही वाचणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचं काम 'वुड' करतं. म्हणून 'आय वुड लाइक टु रिक्वेस्ट यू'. 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द फाइल', 'वुड मंडे सूट यू?', 'आय वुड सजेस्ट अ स्मॉल चेंज' ही सगळी त्याच घरातली वाक्यं. यांतली एकही गोष्ट ठरलेली नाही. फाइल पाठवायची की नाही, सोमवार जमतो की नाही, बदल करायचा की नाही, हे समोरच्याच्या हातात आहे, आणि ते त्याच्या हातात आहे हे तुम्ही मान्य केलंत एवढंच 'वुड' सांगतं. म्हणूनच एका पत्रात दोन्ही शब्द सुखाने नांदू शकतात. 'द मीटिंग विल बी हेल्ड ऑन मंडे. आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड अटेंड.' पहिलं ठरलेलं, दुसरं विचारलेलं.

आता मुलीच्या निबंधाकडे येते, कारण तिथे आपली मराठी थोडी मदत करते आणि थोडी फसवते.

मराठीत जुन्या सवयी सांगायला खास रूप आहे. "आजोबा रोज पहाटे उठत, नदीवर जात, येताना फुलं आणत." किंवा जरा जुन्या वळणाचं, "तो येई, बसे, निघून जाई." व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. इंग्रजीतलं सवयीचं 'वुड' नेमकं हेच काम करतं. 'ही वुड वॉक टु स्कूल' म्हणजे "ते शाळेत चालत जात". इथपर्यंत मराठी माणसाला अडचण यायला नको. फसगत पुढे होते. मराठीत "ते मोठ्या घरात राहत" हेही त्याच रूपात बसतं, इंग्रजीत मात्र बसत नाही. पुन्हा पुन्हा घडणारी कृती 'वुड' सांगू शकतं, सलग चालू असलेली स्थिती सांगू शकत नाही. चालत जाणं रोज नव्याने घडतं. घरात राहणं, एखादी गोष्ट मालकीची असणं, माहीत असणं, आवडणं, उंच असणं या गोष्टी रोज नव्याने घडत नाहीत, त्या असतात. तिथे 'यूज्ड टु' लागतं, किंवा साधा भूतकाळ. म्हणून 'ही यूज्ड टु लिव्ह इन अ बिग हाउस' किंवा 'ही लिव्ह्ड इन अ बिग हाउस'.

मुलीला नियम पाठ करायला लावू नका, तिच्यासमोर एक छोटा परिच्छेद ठेवा:

'माय ग्रँडफादर यूज्ड टु टीच इन अ व्हिलेज स्कूल. एव्हरी मॉर्निंग ही वुड वॉक थ्री माइल्स, अँड ऑन द वे ही वुड रिसाइट पोएम्स. ही न्यू देम ऑल बाय हार्ट. वन डे ही मेट अ ब्लाइंड मॅन ऑन द रोड.'

पाच क्रियापदं आहेत, एकेक करून बघा. पहिलं 'यूज्ड टु', कारण काळ बदलतोय आणि वाचणाऱ्याला सांगायला हवं की आता आपण जुन्या दिवसांत शिरतोय. 'वुड' एकट्याने हे दार उघडू शकत नाही. परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात 'माय ग्रँडफादर वुड टीच' लिहिलं तर वाचणारा पुन्हा 'इफ'ची वाट बघेल. दार एकदा उघडलं की चालणं आणि कविता म्हणणं या सवयींना 'वुड' छान शोभतं, आणि सगळीकडे 'यूज्ड टु, यूज्ड टु' केल्याने येणारा कंटाळाही टळतो. 'न्यू', म्हणजे पाठ होत्या, ही स्थिती, म्हणून साधा भूतकाळ. आणि आंधळा माणूस एकदाच भेटला, म्हणून 'मेट'. एकदाच घडलेल्या गोष्टीला सवयीचं 'वुड' कधीच लागत नाही. किती वेळा घडलं याचा नेमका आकडा दिला तरी लागत नाही: 'ही वेंट देअर फाइव्ह टाइम्स', 'वुड गो' नाही.

एका ठिकाणी मात्र एकदाच घडलेल्या गोष्टीला 'वुड' चालतं, आणि ही जागा मला सगळ्यांत आवडते. ती नकाराची आहे.

'द डोअर वुडंट ओपन.' इंग्रजी पुस्तकात हे वाक्य भेटलं की बरेच जण "दार उघडणार नाही" किंवा "दार उघडलं नसतं" असा अर्थ लावतात आणि गोंधळतात. मराठीत याला तंतोतंत जोडीदार आहे: दार उघडेना! "कितीही समजावलं तरी तो ऐकेना" म्हणजे 'ही वुडंट लिसन'. "गाडी चालू होईना", 'द कार वुडंट स्टार्ट'. "मूल झोपेना", 'द चाइल्ड वुडंट स्लीप'. "उघडलं नाही" आणि "उघडेना" यांतला फरक कोणत्याही मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. "उघडेना"मध्ये आपण जोर लावतोय आणि ते दाद देत नाहीये, जणू दाराच्या मनातच नाही. 'वुड'चा तो जुना अर्थ, 'मनात असणे', इथे अजून जिवंत आहे. 'ही वुडंट' म्हणजे त्याची तयारी नव्हती. होकारात मात्र हे चालत नाही. शेवटी दार उघडलं तर 'अ‍ॅट लास्ट इट ओपन्ड', 'वुड ओपन' नाही. मराठीतही "उघडेना"चं होकारार्थी भावंड नाही, तेव्हा हे लक्षात ठेवायला सोपं जावं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रव्यवहारात हमखास येणारी आणखी एक जागा सांगते, दुसऱ्याचं बोलणं कळवण्याची. आपण मराठीत बोलणाऱ्याचे शब्द शक्यतो जसेच्या तसे ठेवतो: "तो म्हणाला, मी उद्या येईन." इंग्रजीत ते सांगणाऱ्याच्या काळात आणून बसवावे लागतात. 'ही सेड ही वुड कम द नेक्स्ट डे.' त्याच्या तोंडचं 'विल' तुमच्या तोंडी 'वुड' होतं, कारण त्याचं बोलणं आता कालचं झालं. ज्या गोष्टीबद्दल तो बोलला ती अजून व्हायचीच असेल, तर 'ही सेड ही विल कम टुमॉरो' असंही लोक बोलतात आणि ते चूक धरत नाहीत. पण ती वेळ उलटून गेल्यावर 'विल' ठेवणं चूकच. कार्यालयीन लेखनात सरळ 'वुड' करावं, ते कुठेही अडत नाही. चरित्रं वाचताना याचीच एक लांब उडी दिसेल: 'मेरी क्युरी केम टु पॅरिस इन 1891. ट्वेल्व्ह इयर्स लेटर शी वुड विन द नोबेल प्राइझ.' लेखक 1891 मध्ये उभा राहून 1903 कडे बघतोय. तिथून ते भविष्य होतं, आपल्यासाठी इतिहास आहे. मराठीत आपण लिहू, "बारा वर्षांनी तिला नोबेल मिळणार होतं." "मिळणार होतं" यात भविष्य आणि भूत एकाच श्वासात येतात, आणि 'वुड विन'मध्येही तेच आहे. हे वाचून ओळखता आलं तरी पुरे. स्वतः लिहिताना साधं 'शी वन' लिहिलंत तर काहीच बिघडत नाही.

आता 'इफ'. मराठी माणसाच्या इंग्रजीतली सगळ्यांत चिवट चूक इथे आहे. तिचं मूळ निष्काळजीपणात नसून मराठी वाक्याच्या घडणीत आहे, म्हणून जरा थांबून बघू.

"मला माहीत असतं तर मी आलो असतो." या वाक्याच्या दोन्ही अर्ध्यांत एकच रूप आहे, असतं आणि असतो. संकेतार्थ, म्हणजे "असं असतं तर तसं झालं असतं" सांगणारं रूप, दोन्हीकडे सारखा लागतो. ही सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि दोन्हीकडे 'वुड' लावतो: 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.' इंग्रजीला हे मान्य नाही. 'इफ'च्या बाजूला ते मागे सरण्याचं काम नुसत्या भूतकाळी रूपाकडून करून घेतं आणि 'वुड' दुसऱ्या बाजूला ठेवतं: 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.' अट एका बाजूला, परिणाम दुसऱ्या बाजूला, आणि 'वुड' परिणामाकडे. अमेरिकेत सहज बोलताना 'इफ आय वुड हॅव' ऐकू येतं हे खरं, पण लेखनात ते चूकच मानतात. परीक्षेत आणि पत्रात वापरू नये.

त्यात मराठीची दुसरी एक गंमत आहे. "माझ्याकडे वेळ असता तर मी आलो असतो" हे आपण आजच्याबद्दलही म्हणतो आणि गेल्या वर्षीच्या लग्नाबद्दलही. इंग्रजी या दोन वेळा काटेकोरपणे वेगळ्या ठेवतं. आत्ता वेळ नाही, म्हणून येत नाही: 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.' तेव्हा वेळ नव्हता, म्हणून आलो नाही: 'इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम.' दोनदा आलेला 'हॅड' बघून घाबरू नका, तो बरोबर आहे. गोष्ट हातातून गेलेली असेल तरच 'वुड हॅव'. आजही तिचा विचार करता येत असेल तर नुसतं 'वुड'. मराठी वाक्याच्या शेवटी "असतो", "असतं" दिसलं की आपला हात 'वुड हॅव'कडे जातो. तिथे थांबून विचारा, हे आजचं की तेव्हाचं?

आणि ते 'वुड हॅव'च लिहा. बोलताना त्याचं 'वुडव्ह' होतं आणि ते 'वुड ऑफ'सारखं ऐकू येतं, म्हणून जन्मापासून इंग्रजी बोलणारेही कधी कधी 'वुड ऑफ' असं लिहून बसतात. तशी रचनाच इंग्रजीत नाही.

'इफ'शेजारी 'वुड' कधीच येत नाही का? एका अर्थाने येतं. 'इफ यू वुड जस्ट वेट अ मोमेंट', कृपा करून क्षणभर थांबता का? ही अट नव्हे, विनवणी आहे, आणि 'वुड' इथेही इच्छेबद्दल बोलतंय: थांबायची तुमची तयारी असेल तर. स्वागतकक्षात, फोनवर हे वाक्य ऐकाल, तेव्हा नियम मोडला असं समजू नका.

आखूड रूपांबद्दल थोडक्यात. अवतरणासारखं चिन्ह देऊन पुढे नुसता 'डी' लिहिला, तर तो 'वुड'चाही असू शकतो आणि 'हॅड'चाही. 'आयड गो' यात मूळ क्रियापद आहे, म्हणजे 'वुड'. 'आयड गॉन' यात तिसरं रूप आहे, म्हणजे 'हॅड'. दोन ठिकाणं मात्र पाठच असू द्या. 'आयड बेटर गो', म्हणजे मी निघालेलं बरं, यात 'हॅड' आहे. 'आयड रादर गो', म्हणजे मी जाणंच पसंत करेन, यात 'वुड' आहे. कार्यालयीन पत्रात पूर्ण रूप लिहिलेलं चांगलं, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

राहिला तुमचा फोन. त्या बाई का गप्प झाल्या ते सांगते. 'माइंड' या क्रियापदाचा इथला अर्थ "हरकत असणे". त्यांनी विचारलं, "जरा थांबायला तुमची काही हरकत आहे का?" आणि तुम्ही म्हणालात, "हो, हो." तुमच्या मनात "हो, थांबते" होतं, त्यांच्या कानावर "हो, हरकत आहे" पडलं. मराठीत कुणी "हरकत नाही ना?" विचारलं तर आपण "नाही, नाही, बोला" म्हणतो. तेच इंग्रजीत करायचं: 'नॉट अ‍ॅट ऑल' किंवा 'नो, प्लीज गो अहेड'. 'शुअर' म्हटलं तरी सगळे समजून घेतात, पण एकटं 'यस' टाळावं.

तुम्हालाही हा प्रश्न विचारावा लागेल, तेव्हा त्याची बांधणी नीट बघा. काम दुसऱ्याने करायचं असेल तर 'माइंड'पुढे 'आयएनजी'चं रूप: 'वुड यू माइंड सेंडिंग इट अगेन?' 'माइंड टु सेंड' होत नाही. काम तुम्ही करणार असाल आणि परवानगी हवी असेल, तर 'वुड यू माइंड इफ आय कॉल्ड यू लेटर?' इथे 'कॉल्ड' भूतकाळातलं नाही. 'इफ'च्या बाजूला मागे सरलेलं तेच रूप आहे, जे वर 'इफ आय हॅड टाइम'मध्ये पाहिलं. पुष्कळ जण 'इफ आय कॉल यू लेटर' म्हणतात, तेही चालतं, पण 'वुड'शी 'कॉल्ड' जास्त जुळतं.

आणि कधी खरंच हरकत असेल, तर 'यस, आय माइंड' असं तोडून टाकू नका. 'आय वुड रादर यू डिडंट' म्हणा, "तुम्ही तसं न केलेलं बरं". 'डिडंट' असलं तरी गोष्ट आत्ताचीच आहे. नकार स्पष्ट पोहोचतो आणि समोरच्याचा मानही राखला जातो.